न दुखणाऱ्या जखमा

या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही शाळेचा इतिहास लिहू असे सर्वांनी गृहीत धरले होते. इतिहास हा आमचा विषय, एम.ए. त्याच विषयात, आणि पत्र्याच्या दोन खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा शाळेचा प्रवास आम्ही डोळ्यांनी पाहिलेला. परंतु तो प्रवास याच अंकात आमच्या सहकाऱ्यांनी आमच्याहून नेटका मांडला आहे. आम्ही लिहिणार आहोत ते एका ब्रिटिश वैज्ञानिकाविषयी. त्याचा आमच्या शाळेशी काही संबंध नाही, त्याला आम्ही कधी पाहिलेले नाही आणि त्याचे शास्त्र आम्हाला पूर्णपणे कळते असाही आमचा दावा नाही. तरीही त्याच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण आमच्या हातून याच वसतिगृहात घडलेल्या एका चुकीचा अर्थ त्याच्या संशोधनामुळे आम्हाला वीस वर्षांनंतर कळला.

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या कार्यक्रमाला आमची एक माजी विद्यार्थिनी आली होती. ती तेव्हा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करीत होती. तिने मुलांना सुरुवातीलाच विचारले, "तुम्हाला आयुष्यात कधीच काही दुखले नाही, तर कसे होईल?" सभागृहात एकच गलका झाला. मजा येईल, छडी लागणार नाही, इंजेक्शनची भीती नाही, झाडावरून पडले तरी चालेल! तिने सर्वांना बोलू दिले आणि मग पाकिस्तानातील एका मुलाची हकिकत सांगितली. दहाएक वर्षांचा हा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवीत असे. दंडातून सुरी आरपार घालायची, जळत्या निखाऱ्यांवरून चालायचे; लोक पैसे टाकीत. त्याला काहीच दुखत नव्हते. जखमा शिवून घेण्यासाठी तो वरचेवर दवाखान्यात येई, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना तो चांगला माहीत होता. एका ब्रिटिश डॉक्टरपर्यंत ही माहिती पोहोचली. परंतु त्याची तपासणी होण्यापूर्वीच, आपल्या चौदाव्या वाढदिवशी, त्या मुलाने एका घराच्या छपरावरून उडी मारली आणि तो गेला.

सभागृह शांत झाले. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. आमच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळाच एक मुलगा उभा राहिला. त्याच्याविषयी पुढे सांगू.

त्या डॉक्टरचे नाव जेफ्री वुड्स. त्या मुलीकडून आम्ही त्याच्या शोधनिबंधांच्या प्रती मागवून घेतल्या. एका हाताशी इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि दुसऱ्या हाताशी नववी-दहावीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके घेऊन, सुट्ट्यांमध्ये, आम्ही ते वाचले. जे अडले ते तिला फोन करून विचारले. विद्यार्थिनीने शिक्षकाला शिकवावे, यासारखा शिक्षकी पेशात दुसरा आनंद नाही.

वुड्स हे आनुवंशिक आजारांचे डॉक्टर. केंब्रिजला जाण्यापूर्वी ते इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशरमधील लीड्सच्या रुग्णालयात काम करीत. लीड्स आणि शेजारचे ब्रॅडफर्ड ही कापड गिरण्यांची गावे. या गिरण्यांत काम करायला पाकिस्तानातून, विशेषतः मीरपूर भागातून, हजारो माणसे गेली. १९६० च्या दशकात मंगला धरण बांधले गेले, त्यात ज्यांच्या जमिनी आणि घरे बुडाली अशांपैकीही अनेक जण त्यांत होते. म्हणजे विस्थापितांची, गिरणी कामगारांची ही वस्ती. या घरांत काही आजार वारंवार आढळत. त्यांतील एक म्हणजे मुलाचे डोके व मेंदू जन्मतःच फार लहान असणे. वुड्स यांच्या कारकिर्दीचा पहिला मोठा भाग या आजाराच्या शोधात गेला. आईबापांशी बोलायचे, वंशवृक्ष काढायचे, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि त्यांतून दोषी जनुक हुडकायचे, असे हे काम होते. २००२ साली वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एएसपीएम' नावाचे जनुक शोधले. ते बिघडले तर गर्भातील मेंदूची वाढ खुंटते. पाकिस्तानातील गुजरात शहरात शाह दौला यांच्या दर्ग्यापाशी अशी लहान डोक्याची मुले पिढ्यान् पिढ्या भीक मागत आली. लोक त्यांना 'चुहे' म्हणजे उंदीर म्हणत. ज्याला लोक दैवी करणी मानीत, ती पेशीतील एका प्रथिनाची चूक होती.

असे आजार नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत अधिक का दिसतात, हे समजून घेताना आमचा इतिहासाचा अभ्यास कामी आला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी सहसा काम निभावते. परंतु आईवडील एकाच पूर्वजाचे वंशज असतील, तर तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी मुलाच्या वाट्याला येऊ शकते. चुलत, मामे किंवा आते भावंडांचे लग्न झाले, तर त्यांच्या मुलाच्या सुमारे ६ टक्के जनुकसामग्रीच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असाव्यात, असे गणित सांगते. वुड्स यांनी आपल्या रुग्णांमध्ये प्रत्यक्ष मोजले तेव्हा ते प्रमाण सरासरी ११ टक्के भरले, कारण लग्ने फक्त याच पिढीत नव्हे, तर अनेक पिढ्या बिरादरीच्या आतच होत आली होती.

येथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला आणि जातीच्या आतच लग्न करण्याचे बंधन हेच जातिव्यवस्थेचे मर्म आहे, असे मांडले. तो विचार समाजशास्त्राचा होता. त्याच्या शतकभरानंतर, २०१७ साली, हैदराबादच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने दक्षिण आशियातील २६३ समाजगटांची जनुके तपासली. त्यांपैकी ८१ गटांत बंदिस्तपणाच्या खुणा इतक्या ठळक निघाल्या, की आनुवंशिक आजारांसाठी जगभर अभ्यासले जाणारे फिनलंडचे लोक आणि युरोपातील अश्कनाझी ज्यूही त्यांच्या मागे पडले. 'शुद्ध' रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्याही घरांनी वाचावा. ही कोणत्याही कुटुंबाची निंदा नव्हे. दार कोणी आणि का बंद केले, हे विचारणे म्हणजे आतल्या माणसाला दोष देणे नव्हे.

आता वेदनेकडे वळू. तो रस्त्यावरचा मुलगा गेला, तरी वुड्स यांनी शोध सोडला नाही. उत्तर पाकिस्तानातील त्याच समाजाची तीन कुटुंबे त्यांना भेटली. त्यांत सहा जणांना जन्मापासून, शरीराच्या कोणत्याही भागात, कधीही वेदना झाली नव्हती. या सहा जणांचे वर्णन आम्ही अनेकदा वाचले आहे. त्यांना स्पर्श कळे, ऊन-गार कळे, गुदगुल्या होत. बुद्धी सर्वसाधारण, शाळेत जात. फक्त दुखत नसे. सर्वांच्या ओठांना किंवा जिभेला जुन्या जखमा होत्या, कारण दात आल्यावर त्यांनी स्वतःलाच चावून घेतले होते. दोघांच्या तर जिभेचा टोकाकडचा तिसरा हिस्साच नाहीसा झाला होता. बहुतेकांची हाडे कधी ना कधी मोडली होती किंवा सडली होती, आणि घरच्यांना ते फार उशिरा, मूल लंगडताना पाहून कळले होते. त्यांतल्या मोठ्या मुलांनी एक गोष्ट शिकून घेतली होती. फुटबॉल खेळताना कोणी लाथ मारली, की इतर मुले कळवळतात. तेव्हा आपणही कळवळल्याचे सोंग करायचे. हे वाक्य वाचून आम्ही कागद खाली ठेवला होता.

डिसेंबर २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात वुड्स, जेम्स कॉक्स आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दोष दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील 'एससीएन९ए' या जनुकात होता. वेदनेची वार्ता वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या पृष्ठभागावर सूक्ष्म दारे असतात. इजा झाली की ही दारे उघडतात, सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि विजेची एक लहर मेंदूकडे निघते. 'एनएव्ही १.७' हे असेच एक दार, आणि ते कसे घडवायचे याची कृती या जनुकात लिहिलेली असते. त्या तीन कुटुंबांत ही कृती तीन वेगवेगळ्या ठिकाणी अर्ध्यावरच तुटलेली आढळली. जणू लांबलचक वाक्याच्या मध्येच कोणी पूर्णविराम द्यावा आणि पुढचे क्रियापद येऊच नये. दार तयारच होत नसे, म्हणून वार्ता निघत नसे.

याच जनुकाची उलटी बाजू त्याआधी दोन वर्षे उघड झाली होती. काही माणसांचे हात-पाय थोड्याशा उबेनेही आगीत धरल्यासारखे जळतात. ती तासन् तास पाय बर्फाच्या पाण्यात घालून बसतात. २००४ साली चिनी संशोधकांना अशा घरांत याच जनुकात बदल सापडले, आणि अमेरिकेतील येल विद्यापीठातील स्टीफन वॅक्समन यांच्या गटाने दाखविले, की या लोकांत तेच दार गरजेपेक्षा सहज उघडते. एकाच जनुकाच्या एका बिघाडाने माणूस जळत राहतो आणि दुसऱ्या बिघाडाने जळत असूनही त्याला कळत नाही.

आता आमच्या मुलाविषयी.

शाळा सुरू होऊन तीनेक वर्षे झाली होती. आम्ही तरुण होतो आणि वसतिगृहाचे अधीक्षकपदही आमच्याकडे होते. मुले वस्त्यांवरून, वीटभट्ट्यांवरून, ऊसतोडीच्या फडावरून आलेली. घरच्या आठवणीने रात्री रडत. आमचा एक नियम होता: रडायचे नाही. आपल्या समाजाने पुष्कळ सोसले आहे, आता ताठ मानेने उभे राहायचे, असे आम्ही परिपाठात रोज सांगत असू. हेतू वाईट नव्हता. आमचे वडीलही आम्हाला असेच सांगत.

सातवीतला एक मुलगा कबड्डीत तरबेज होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. तालुक्याच्या सामन्यात तो शेवटपर्यंत खेळला. सामना संपल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले, की त्याच्या उजव्या तळव्यात काचेचा तुकडा रुतला आहे आणि मातीवर रक्ताचे ठसे उमटले आहेत. त्याने चेहऱ्यावर काहीही दाखविले नव्हते. दुसऱ्या दिवशी परिपाठात आम्ही त्याला पुढे बोलावले, सर्व मुलांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटले, "याला म्हणतात वाघ! काच घुसली, पण 'आई गं' म्हणाला नाही." मुलांनी टाळ्या वाजविल्या. तो हसला नाही. खाली पाहत राहिला. आम्हाला तो विनय वाटला.

पुढचे तीन आठवडे तो त्याच पायाने पळत होता, पाणी भरत होता, झाडलोट करीत होता. शंका आली ती स्वयंपाकघरातील मावशींना. त्या आम्हाला येऊन म्हणाल्या, "सर, ह्या पोराला चटका कळत नाय. डाळीचं पातेलं बिनफडक्याचं पायावर टेकवलं, तरी पाय हलवीना. अन् त्याच्या पायाला वास येतोय." मावशींना सहीसुद्धा येत नव्हती. परंतु जे आम्ही रोज पाहून पाहिले नाही, ते त्यांनी एका दुपारी पाहिले.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकाने पायाला ठिकठिकाणी स्पर्श केला. कोठे टोचले ते बोटाने दाखव, म्हणाले. घोट्याखाली त्याला एकही जागा दाखविता आली नाही. मांडीवर फिकट चट्टा होता, तोही बधिर. कुष्ठरोग. औषध मोफत होते आणि खात्रीचे होते. बारा महिन्यांत रोग गेला. परंतु मेलेली नस परत येत नाही. जखम हाडापर्यंत गेली होती. त्याची दोन बोटे काढावी लागली आणि कबड्डी कायमची सुटली.

दवाखान्यात आम्ही त्याला विचारले, "अरे, पाय बधिर झालाय हे तू सांगितले का नाहीस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही वाघ म्हणालात. मला दुखतच नव्हतं, हे सांगितलं असतं तर मग मी वाघ कसला?"

आणखी एक गोष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. आजाराचे नाव कळल्यावर काही पालक मुले न्यायला आले. आमच्यातीलच काहींनी त्याचे ताट वेगळे ठेवले. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग पसरण्याचा धोका राहत नाही, हे डॉक्टरांनी समजावूनही ठेवले. आम्ही ते ताट इतर ताटांत मिसळायला दोन दिवस लावले. वेगळ्या पेल्याचा आणि वेगळ्या पाणवठ्याचा इतिहास वर्गात शिकविणाऱ्या माणसाने दोन दिवस लावले. ते ताट शेवटी मावशींनीच उचलून ढिगात टाकले.

कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात, अशी समजूत जगभर होती. ती चूक आहे, हे भारतातच सिद्ध झाले. डॉ. पॉल ब्रँड हे ब्रिटिश शल्यविशारद १९४६ साली तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. त्यांनी दाखविले, की रोगजंतू मज्जातंतू निकामी करतात आणि पुढचा नाश रुग्णाच्या हातूनच होतो. तो तापलेले भांडे धरतो, खिळ्यावर चालतो, रात्री उंदीर बोट कुरतडतो तरी जागा होत नाही. ब्रँड यांनी रुग्णांना सोबतीला मांजरे दिली आणि हात-पाय रोज डोळ्यांनी तपासायला शिकविले. पुढे अमेरिकेत त्यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत दाबमापक बसवायचे आणि धोका झाला की इशारा द्यायचा. तो प्रयोग फसला. दिवा लागला, आवाज झाला, तरी रुग्ण हातातले काम सोडत नसत. जे बंद करता येई ते बंद करीत. ज्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करता येते, तो वेदनेची जागा घेऊ शकत नाही. ब्रँड यांनी कुष्ठरोगात जे पाहिले, तेच जन्मजात स्वरूपात वुड्स यांनी त्या सहा जणांत पाहिले. आणि आम्ही परिपाठात त्यालाच टाळ्या मिळवून दिल्या होत्या.

याचा अर्थ वेदना पवित्र आहे, असा कोणी काढू नये. सोसणे हीच तपश्चर्या, असे सांगून आपल्या लोकांना शतकानुशतके राबविले गेले. तो उपदेश आम्हाला मान्य नाही. वुड्स यांचाही शोध वेदनेच्या गौरवासाठी नव्हता. एका जनुकाअभावी माणसाला दुखत नाही पण बाकी सर्व कळते, तर ते दार तात्पुरते बंद करणारे औषध तयार करता येईल आणि कर्करोगाने, भाजण्याने, शस्त्रक्रियेने तळमळणाऱ्यांना अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाशिवाय आराम देता येईल, ही त्यामागची आशा. वाट सोपी निघाली नाही. २०११ मध्ये कळले, की या लोकांना वासही येत नाही, म्हणजे तेच दार नाकाच्या मज्जातंतूंतही लागते. २०१५ मध्ये वुड्स आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी 'पीआरडीएम१२' हे आणखी एक जनुक शोधले. ते बिघडले तर वेदना वाहणारे तंतू नीट घडतच नाहीत. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी दाखविले, की हे दार नसलेल्यांच्या शरीरात अफूसारखी नैसर्गिक द्रव्ये अधिक काम करतात. ती रोखणारे औषध देताच अशा एका स्त्रीला, वयाच्या ३९ व्या वर्षी, वेदना जाणवली. 'एनएव्ही १.७' बंद करणारी औषधे चाचण्यांत अद्याप अपेक्षेला उतरलेली नाहीत. परंतु त्याच्या शेजारचे दार, 'एनएव्ही १.८', बंद करणाऱ्या सुझेट्रिजिन या औषधाला अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मान्यता मिळाली.

वुड्स यांचा आणखी एक अभ्यास आम्ही शिक्षकांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे. पहिल्या बाळंतपणात ज्यांना वेदनाशामक औषध मागण्याची गरजच पडली नाही, अशा स्त्रियांची त्यांनी व सहकाऱ्यांनी तपासणी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका जनुकातील दुर्मीळ बदल सापडला. साधारण शंभरांत एका स्त्रीत तो असतो आणि त्यामुळे कळांची वार्ता मेंदूकडे निघण्यापूर्वीच काहीशी अडते. म्हणजे ती स्त्री अधिक धीराची नव्हे. तिच्या मज्जातंतूंची घडण वेगळी. "तुझ्या जावेने हूं की चूं केले नाही, तुलाच काय झाले?" असे बाळंतिणीला विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. रडणारा मुलगा भित्रा आणि न रडणारा वाघ, असे ठरविणाऱ्या अधीक्षकालाही हेच उत्तर आहे.

आमच्या लहानपणी गावात कडकलक्ष्मी येई. डोक्यावर मरीआईची पेटी घेतलेली बाई ढोलके वाजवी आणि पोतराज उघड्या अंगावर कोरडा ओढी. त्या आवाजाने आमच्या अंगावर काटा येई. त्याला दुखत नाही, अंगात देवी असते, असे मोठी माणसे सांगत, आणि आम्ही ते मानले होते. एका संध्याकाळी ओढ्याकाठी त्याला पाहिले. तो पालथा पडला होता, बाई वळांवर हळद-तेल लावीत होती आणि तो लहान मुलासारखा कण्हत होता. त्याला दुखत होते. दिवसभर गावासमोर न दुखल्याचे सोंग करणे हीच त्याची भाकरी होती. पाकिस्तानातील त्या मुलाची हकिकत ऐकली तेव्हा आम्हाला पोतराज आठवला. एकाला दुखत होते, दुसऱ्याला नव्हते. पैसे टाकणाऱ्या गर्दीला या फरकाशी देणेघेणे नव्हते.

मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पाली भाषेत या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. सुखाची, दुःखाची आणि सुख-दुःख दोन्ही नसलेली, अशी प्रत्येक जाणीव म्हणजे वेदना. 'विद्' म्हणजे जाणणे, या धातूपासून तो शब्द आला. वेद हा शब्दही त्याच धातूचा. ज्ञान ज्यांना नाकारले गेले, त्यांच्याजवळ वेदना तरी होती. आणि ती होती म्हणूनच त्यांना आपल्या अवस्थेची जाणीव झाली. दुःखाचे अस्तित्व ओळखणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखविणे, हा बाबासाहेबांनी तथागतांच्या धम्माचा पाया मानला. या दोन गोष्टींचा क्रम बदलता येत नाही. ज्याला दुखणे कळतच नाही किंवा ते सांगण्याची मुभाच नाही, त्याचे दुखणे कोणीही दूर करू शकत नाही. आम्ही मुलांना ताठ मान शिकविली, परंतु काय दुखते ते सांगायला शिकविले नाही.

तो मुलगा आज चाळिशीकडे झुकला आहे. विशेष बनावटीचे बूट वापरतो, संसार करतो, रोज रात्री आरसा घेऊन तळवे तपासतो. हा लेख छापण्यापूर्वी आम्ही त्याला वाचून दाखविला. तो म्हणाला, "सर, मावशींचं लिहिलंत ते बरं केलंत."

त्या वर्षापासून आमच्या वसतिगृहात दर रविवारी पाय तपासले जातात. मुले ओट्यावर ओळीने बसतात, तळवे वर करतात, आणि अधीक्षक जमिनीवर बसून एकेक पाय पाहतात. रडायचे नाही, हा नियम आम्ही काढून टाकला. रात्रीच्या हजेरीला आता एक प्रश्न विचारला जातो: आज कोणाला काय दुखले? सुरुवातीला कोणी बोलत नसे. आता गुडघा, दात, पोट, आईची आठवण, वर्गात कोणी जातीवरून बोलले ते, सारे निघते. हजेरी संपायला उशीर होतो. येथे येणाऱ्या नव्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की आमच्या निवृत्तीनंतरही तो उशीर होऊ द्यावा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!